परदेशचा प्रवास आणि आभासी नाणे

आमच्या शेजारचा एक तरुण थायलंडच्या सहलीला निघाला होता. बॅगा भरून झाल्या, लाडू-चिवड्याचे डबे बांधून झाले, आणि मग त्याच्या आईने सहज विचारले, "अरे, तिकडचे पैसे बदलून घेतलेस का?" तो म्हणाला, "आई, आता पैसे बदलावे लागत नाहीत. माझ्या मोबाइलमध्ये बिटकॉइन आहे. तिकडे ते खुशाल चालते." आईला हे काही पटले नाही. तिने मला हाक मारली आणि म्हणाली, "भाऊजी, हा काय म्हणतो ते जरा ऐका हो!"

मी त्याला तीनच प्रश्न विचारले. हे नाणे जवळ बाळगायला त्या देशात मुभा आहे का? ते दुकानदाराच्या हातात द्यायला मुभा आहे का? आणि ते खर्चून परत आल्यावर आपल्या आयकर खात्याला काय सांगायचे, हे ठाऊक आहे का? तिन्ही प्रश्नांना त्याचे एकच उत्तर होते, "असेलच की काहीतरी!" वाचकहो, या 'असेलच की' मध्येच सगळी गोम आहे. कारण हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत आणि त्यांची उत्तरेही देशोदेशी वेगवेगळी आहेत. तीच आज आपण एकेक करून पाहू.

परमुलखात आपले नाणे चालेल की नाही, ही काळजी काही आजची नव्हे. पेशवाईत एकट्या महाराष्ट्रातच किती तऱ्हांचे रुपये चालत! अंकुशी होता, चांदवडी होता, आणखीही कितीतरी होते. एका पेठेत पुऱ्या किमतीला घेतलेला रुपया दुसऱ्या पेठेत गेला की सराफ त्यावर बट्टा कापी. मराठवाड्यातल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यात हाली रुपया आणि कलदार रुपया यांचा हिशेब पुष्कळ दिवस येत असे. निजामाच्या राज्यातले नाणे निराळे आणि ब्रिटिश मुलखातले निराळे. काशीयात्रेला निघालेला शहाणा माणूस रोकड कमरेला बांधून नेत नसे. तो आपल्या गावच्या सावकाराकडे पैसे भरी, हुंडी लिहून घेई आणि काशीच्या पेढीवर ती दाखवून तिथले चालू नाणे पदरात पाडून घेई. पैसा इथला, नाणे तिथले, आणि मध्ये दोघांच्या ओळखीची पेढी, अशी ती व्यवस्था होती. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आता हे आभासी चलन म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. बिटकॉइनची कल्पना २००८ साली सातोशी नाकामोटो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात मांडली गेली आणि जानेवारी २००९ मध्ये ते प्रत्यक्षात आले. हे नाणे हातात घेता येत नाही. ती जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाणारी एक चोपडी आहे, असे समजा. कोणी कोणाला किती दिले याची नोंद त्या चोपडीत होते, आणि एकदा झालेली नोंद खोडता येत नाही. ही चोपडी कोणा एका सावकाराची नाही, कोणा सरकारची नाही, कोणा बँकेची नाही. एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या पलीकडे जाणार नाहीत, असा नियम तिच्या रचनेतच घातलेला आहे.

मे २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका गृहस्थाने दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन दिले. पुढे त्या नाण्यांची किंमत किती वाढली हे पाहता ते जेवण जगातले सर्वांत महागडे म्हटले पाहिजे! पण भाव चढतो तसा उतरतोही. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव सुमारे ६९,००० डॉलरपर्यंत गेला होता. बरोबर एका वर्षाने तो १६,००० डॉलरच्या आसपास आला. सहलीचा खर्च ज्या थैलीतून करायचा ती थैली वर्षभरात चौथाईवर येऊ शकते, हे प्रवाशाने पहिल्या पायरीलाच लक्षात घ्यावे. भाव डॉलरला बांधलेली काही नाणीही निघाली आहेत. त्यांत चढउतार कमी असतो. पण ती आहेत आभासीच, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यांची वाटही तीच.

आता आपण सफरीला निघू. पहिला मुक्काम बालीला करू, कारण लग्न झाल्यावर बालीला जाणारी आपल्याकडची जोडपी आता थोडीथोडकी नाहीत. इंडोनेशियात बिटकॉइन विकत घेणे, जवळ ठेवणे, विकणे हे कायदेशीर आहे. तिथे त्याच्या परवानाधारक बाजारपेठा आहेत. मग एखादा म्हणेल, जे विकत घेता येते ते हॉटेलवाल्याला का देता येऊ नये? तर तिथला २०११ चा चलनविषयक कायदा सांगतो की, देशात देण्याघेण्याचा व्यवहार रुपिया या त्यांच्या नाण्यातच झाला पाहिजे. हा नियम मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद आणि २० कोटी रुपियापर्यंत दंड सांगितलेला आहे. मे २०२३ मध्ये बालीच्या गव्हर्नरांनी जाहीरपणे बजावले की, हॉटेलात, उपाहारगृहात, दुकानात आभासी चलन देणाऱ्या परदेशी पाहुण्यांवर कडक कारवाई होईल आणि त्यांना देशाबाहेरही काढले जाईल. म्हणजे पाहा, पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचे 'नाही'. आपल्या खिशात सोन्याची वेढणी असली म्हणून ती तोडून कोणी एसटीचे तिकीट काढत नाही. मालमत्ता असणे वेगळे आणि चलन असणे वेगळे, तसेच हे आहे.

नेपाळात त्याहून कडक कारभार आहे. नेपाळ राष्ट्र बँकेने २०१७ साली बिटकॉइनचे व्यवहार बेकायदा ठरवले आणि २०२१ मध्ये पुन्हा तीच ताकीद दिली. तिथे तीर्थयात्रेला किंवा गिर्यारोहणाला जाणाऱ्याने हा विषय घरीच ठेवून जावे हे बरे. चीनमध्येही सप्टेंबर २०२१ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने आणि इतर खात्यांनी मिळून आभासी चलनाचे सर्व आर्थिक व्यवहार बेकायदा असल्याचे जाहीर केले.

दुसऱ्या टोकाला एल साल्वाडोर हा मध्य अमेरिकेतला चिमुकला देश. ७ सप्टेंबर २०२१ रोजी तिथे बिटकॉइनला डॉलरच्या बरोबरीने कायदेशीर चलनाचा दर्जा मिळाला. असे करणारा तो जगातला पहिला देश. दुकानदाराने ते घेतलेच पाहिजे, असाही कायदा झाला. एल झोन्टे या समुद्रकाठच्या गावी तर लाटांवर खेळायला आलेले प्रवासी बिटकॉइनने खाणेपिणे करू लागले होते. पण पुढे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून १४० कोटी डॉलरचे कर्ज घेण्याची बोलणी झाली, तेव्हा या कायद्याला मुरड घालावी लागली. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या विधिमंडळाने दुरुस्ती केली आणि ते नाणे घेणे न घेणे दुकानदाराच्या मर्जीवर सोपवले. तात्पर्य, ज्या देशाने सर्वांच्या आधी दार सताड उघडले, त्यालाही ते निम्मे ओढून घ्यावे लागले.

या दोन टोकांच्या मधली वाट थायलंडने आणि भूतानने काढली आहे, आणि ती आपल्या जुन्या हुंडीच्या वाटेशी पुष्कळ जुळते.

थायलंडचे आधी पाहू. आभासी चलनाची खरेदी-विक्री तिथे परवान्याने चालते. मात्र १ एप्रिल २०२२ पासून तिथल्या रोखे नियामकाने परवानाधारक कंपन्यांना बजावले आहे की, हे चलन मालाची किंमत चुकती करण्याचे साधन म्हणून वापरण्यास त्यांनी हातभार लावू नये. मग १८ ऑगस्ट २०२५ रोजी थायलंड सरकारने परदेशी पाहुण्यांसाठी 'टूरिस्ट डिजिपे' नावाची योजना जाहीर केली, तीही अठरा महिन्यांच्या प्रयोगापुरती. तिची रीत अशी. प्रवाशाने पासपोर्ट दाखवून परवानाधारक कंपनीत नाव नोंदवायचे आणि ओळख पटवून द्यायची. आपले आभासी नाणे त्या कंपनीला विकायचे. त्याचे जे बाथ येतील ते मोबाइलमधल्या इलेक्ट्रॉनिक थैलीत जमा होतात. मग दुकानातल्या चौकोनी खुणेवर मोबाइल धरला की पैसे चुकते. दुकानदाराला मिळतात ते बाथच. गिऱ्हाइकाने मूळ काय विकले हे त्याला कळतही नाही. थैलीतून रोख रक्कम काढता येत नाही. खर्चालाही मर्यादा घातली आहे. घोषणेच्या वेळी सांगितले गेले ते असे की, कार्डाची यंत्रे असलेल्या नोंदणीकृत दुकानांत महिन्याला ५ लाख बाथपर्यंत आणि लहान दुकानांत ५०,००० बाथपर्यंत. बेहिशेबी पैसा या वाटेने धुऊन निघू नये, हा या साऱ्या बंधनांमागचा हेतू.

आता आमच्या शेजारच्या तरुणाचे वाक्य पुन्हा आठवा, "तिकडे ते खुशाल चालते." खरे पाहता तिथे चालतो तो बाथ. बिटकॉइन पेढीच्या उंबऱ्यावरच थांबते. काशीच्या बाजारात पुण्याच्या सावकाराचा कागद चालत नसे, त्या कागदावर मिळालेले नाणे चालत असे. हाही प्रकार तोच.

भूतानने मे २०२५ मध्ये बायनान्स ही मोठी बाजारपेठ आणि तिथली डीके बँक यांच्या मदतीने प्रवाशांसाठी अशीच सोय सुरू केली. व्हिसाचे शुल्क, विमानाचे तिकीट, हॉटेलाचे बिल, शाश्वत विकास शुल्क, एवढेच काय, रस्त्याकडेच्या लहान दुकानातली खरेदीसुद्धा त्यातून करता यावी, अशी योजना आहे. इथेही दुकानदाराच्या खात्यात पडतो तो ङुल्ट्रम, म्हणजे त्यांचा रुपया. आपल्या प्रवाशाला मात्र मी विचारीन, तुला भूतानात हा खटाटोप हवा कशाला? ङुल्ट्रम आपल्या रुपयाशी एकास एक या दराने बांधलेला आहे. तिथे पुष्कळ ठिकाणी आपला रुपया घेतात. जुलै २०२१ पासून आपले यूपीआय तिथे चालू लागले आहे. भारतीय पाहुण्याला दर रात्रीसाठी जे १,२०० रुपये शुल्क पडते तेही रुपयांत आकारलेले आहे. अशा ठिकाणी बिटकॉइन विकून रुपया मिळवणे म्हणजे घरी विहीर असताना पाण्यासाठी नदीवर जाण्यासारखे आहे.

येथवर दोन प्रश्न झाले. आता तिसरा, आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा. परदेशात खर्च केला, मजा केली, परत आलो. आपल्या सरकारचा त्यात काय संबंध?

संबंध आहे, आणि चांगलाच आहे. आधी थोडा इतिहास. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी परिपत्रक काढून बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द ठरवले. तेव्हापासून लोकांची अशी समजूत झाली की, आता सगळे मोकळे झाले. परंतु न्यायालयाने बिटकॉइनला रुपयाच्या पंगतीला बसवलेले नाही. ते आपल्याकडे चलन नाही. आयकर कायदा त्याला 'आभासी डिजिटल मालमत्ता' म्हणतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही आभासी चलन ही मालमत्ता असल्याचे म्हटले आहे.

मालमत्ता म्हटली की ती दुसऱ्याला देणे म्हणजे हस्तांतरण. आणि हस्तांतरणात नफा झाला की त्यावर कर. २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर लागतो, त्यावर ४ टक्के उपकर. तुमचे इतर उत्पन्न थोडे असले तरी हा दर उतरत नाही. नाणे रुपयांत विकले, त्याचे बाथ करून घेतले, की थेट खोलीभाडे म्हणून देऊन टाकले, याने फरक पडत नाही. ते तुमच्या हातून गेले, एवढे पुरे.

आकडे मांडून पाहू म्हणजे नीट समजेल. समजा, आमच्या या तरुणाने पूर्वी कधी ४०,००० रुपयांना बिटकॉइनचा एक अंश घेऊन ठेवला होता. आज त्याची किंमत १,००,००० रुपये झाली. थायलंडात त्याने तो सगळा बाथमध्ये बदलून हॉटेल आणि खरेदीवर उडवला. त्याच्या मनात हिशेब असा की, ४०,००० घातले आणि लाखाची सहल झाली. पण नफा झाला ६०,००० रुपये. त्यावर ३० टक्के म्हणजे १८,००० रुपये कर. करावर ४ टक्के उपकर ७२० रुपये. एकूण देणे १८,७२० रुपये. ही रक्कम त्याने बाजूला काढून ठेवलेली नाही, कारण ती लागते हेच त्याला ठाऊक नाही. सहल आटोपून आठ महिने झाले, विवरणपत्र भरण्याची वेळ आली, की मग तोंडचे पाणी पळते.

आणखी एक मेख आहे. त्याच वर्षी त्याचे दुसरे एखादे आभासी नाणे बुडाले, ६०,००० ला घेतलेले २५,००० ला विकावे लागले, तर तो म्हणेल की माझा ३५,००० चा तोटा या नफ्यातून वजा करा. कायदा म्हणतो, नाही. एका नाण्याचा तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा होत नाही, आणि पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. खरेदीची किंमत सोडून दलाली वगैरे कोणताच खर्चही वजा करता येत नाही. नफ्यात सरकार भागीदार आणि तोट्यात तुम्ही एकटे, असे कोणी म्हटले तर त्याला खोडून काढणे कठीण आहे. पण कायदा असा आहे, आणि प्रवाशाने तो जाणून घेऊन पाऊल टाकावे.

शिवाय १ जुलै २०२२ पासून अशा मालमत्तेच्या विक्रीच्या रकमेतून, ठराविक मर्यादेपलीकडे, एक टक्का कर मुळातच कापून घेतला जातो. तो अंतिम करात जमा धरला जातो. पण त्यामुळे तुमच्या व्यवहाराची नोंद आयकर खात्याकडे आधीच पोचलेली असते. मार्च २०२३ पासून या बाजारपेठा मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आल्या. गिऱ्हाइकाची ओळख पटवणे, नोंदी ठेवणे आणि संशयास्पद व्यवहार कळवणे त्यांना बंधनकारक झाले. तेव्हा 'कोणाला कळणार आहे' ही समजूत मनातून काढून टाकावी. ज्या चोपडीतली नोंद खोडता येत नाही, तीत आपली पावले उमटतात ती कायमचीच.

मग परदेशी जाणाऱ्याने करावे काय? सरळ वाट मोकळी आहे. रिझर्व्ह बँकेच्या उदार प्रेषण योजनेखाली निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परकी चलन वापरता येते. त्यात बहुतेक देशांसाठी दर फेरीला ३,००० डॉलरपर्यंत नोटा नेता येतात. बाकीचे प्रवासी कार्डावर भरून नेता येते. नेपाळ-भूतानला ही योजना नाही, कारण तिथे आपल्या रुपयानेच काम भागते. सिंगापूर, संयुक्त अरब अमिरात, मॉरिशस, श्रीलंका अशा काही देशांतही कित्येक दुकानांत आपले यूपीआय घेऊ लागले आहेत. सहल एवढ्या साधनांनी सुखाने पार पडते.

तरीही ज्याला आभासी नाणेच वापरून पाहायचे आहे, त्याने निदान चार गोष्टी पाळाव्यात. ज्या देशात जायचे तिथे ते नाणे खर्चण्याची मुभा आहे का, हे त्या देशाच्या सरकारी पत्रकावरून पाहावे; मित्राच्या सांगण्यावरून नव्हे. बदलून घ्यायचे ते परवानाधारक कंपनीकडेच. हॉटेलच्या दारात किंवा किनाऱ्यावर "आमच्याकडे भाव चांगला" म्हणणाऱ्या अनोळखी माणसाच्या नादी लागू नये; पाठवलेले नाणे परत मागायला वर कोणी बँक नसते. ज्या दिवशी नाणे घेतले आणि ज्या दिवशी दिले, त्या दोन्ही दिवसांचे भाव रुपयांत लिहून ठेवावेत आणि पावत्या जपाव्यात. आणि नफा दिसत असेल तर त्याचा तिसरा हिस्सा कराकरिता आधीच बाजूला काढावा. उरलेल्या पैशात जेवढी सहल बसेल तेवढीच करावी.

'देश तसा वेश' असे आपले वाडवडील म्हणत. वेशाच्या बाबतीत आपण ते पाळतो, थंडीच्या देशात जाताना लोकरीचे कपडे आठवणीने घेतो. नाण्याच्याही बाबतीत तेवढीच आठवण ठेवली तर पुरे आहे.

आमच्या शेजारच्या तरुणाने शेवटी काय केले, ते सांगतो आणि आवरते घेतो. त्याने तो १८,७२० चा हिशेब माझ्याकडून कागदावर लिहून घेतला. रात्रभर त्यावर विचार केला असावा, कारण सकाळी तो बँकेत जाऊन प्रवासी कार्ड आणि थोड्या बाथच्या नोटा घेऊन आला. बिटकॉइन मोबाइलमध्येच राहिले. जाताना त्याच्या आईने देवापुढे नारळ ठेवला, आणि मला म्हणाली, "भाऊजी, ते तुमचे तीन प्रश्न मलाही लिहून द्या. पुढल्या वर्षी धाकटा बालीला जायचे म्हणतो आहे."